बोट मालवणला थांबत नाही

क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढरंशुभ्र जहाज, निळंशार पाणी आणि डेकवरच्या आरामखुर्चीत पहुडलेली, भली मोठी हॅट घातलेली एखादी बाई. त्या खुर्चीत गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, अंगाभोवती शाल लपेटलेल्या आपल्या सासूबाई काही आपल्याला दिसत नाहीत! पण गेल्या डिसेंबरात आमच्या सासूबाई अशा खुर्चीत बसून आल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही. हे आणि आमची दहा वर्षांची लेक होतीच.

तसं पाहिलं तर क्रूझ हा आमच्या घरचा विषयच नव्हे. सुट्टी लागली की माझं माहेर, नाहीतर महाबळेश्वर. पण आईंचं (सासूबाईंना मी आईच म्हणते) माहेर मालवणचं, आणि सहा वर्षांत त्यांचं तिकडे जाणं झालं नव्हतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्या रस्त्यावरून बारा-चौदा तास बसून जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. आगगाडी म्हटलं तर डब्याच्या उंच पायऱ्यांची त्यांना धास्ती. मग दर मे महिन्यात एकच पालुपद: "आमच्या वेळी बोट होती बाई. संध्याकाळी गेलं वळकटी टाकून, आणि उजाडता मालवण!"

एके दिवशी लेकीनं वर्तमानपत्रातली जाहिरात पुढ्यात आणून ठेवली. मुंबई ते गोवा, दोन रात्री, क्रूझ. आईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली नि एवढंच विचारलं, "मालवणाक थांबता काय?"

मी तिकिटं काढून देणाऱ्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मालवणवरूनच तर जाते!" यात खोटं काही नव्हतं. मालवणवरून जाते, थांबत नाही, एवढंच त्यानं सांगितलं नाही. ते माझं मलाच वेळापत्रकावरून कळलं. आईंना सांगितलं, तर त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे. लांबून तरी दिसेल."

म्हणून आम्ही गेलो. माझ्या शाळेच्या अर्धवेळ पगाराचे सात महिने त्यात गेले. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अशा प्रवासाची वर्णनं वाचताना पैसे कुठून आले हे कधीच कुणी सांगत नाही!

तर आईंची ती बोट. आमच्या पिढीनं ती पाहिलेली नाही. मुंबईहून सुटायची आणि वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असं करत दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची. 'रोहिणी', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं आई अजून नातेवाइकांच्या नावांसारखी घेतात. डेकवर सतरंजी टाकायची, उशाला ट्रंक. शेजारी कुणाच्या टोपलीत कोंबडी, कुणाकडे फणस, कुणाचं तान्हं मूल. पोटात ढवळू लागलं की लिंबू हुंगायचं. आपल्या मराठीत 'बोट लागणे' हा शब्द उगाच नाही आला! मालवणचा किनारा खडकाळ, त्यामुळे बोट लांबच नांगर टाकायची. मग पडाव यायचे. लाट वर आली की पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं. १९७३ साली लग्न होऊन मुंबईला निघाल्या तेव्हा आई उलट वाटेनं, पडावातून बोटीवर चढल्या होत्या, शालू गुडघ्यापर्यंत खोचून. "खलाशानं दंडाला धरलं नि वर ओढलं. परक्या पुरुषानं हात धरला म्हणून सासूबाई तोंड फिरवून बसल्या," हा किस्सा मी वीसेकदा ऐकला असेल.

पावसाळ्यात ही बोट बंद असायची. ऐंशीचं दशक संपता संपता ती कायमचीच थांबली. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोटीची गरज उरली नाही असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. मध्यंतरी नव्वदीच्या दशकात दमाणियांची कॅटॅमरान गोव्याला जात असे, २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' सुरू झाली, पण दोन्ही टिकल्या नाहीत. त्यानंतर २०२१ पासून मुंबईहून मोठ्या क्रूझ नियमित सुटू लागल्या. बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन तर २०२५ च्या सप्टेंबरात झालं.

आमच्या बोटीचं नाव मुद्दामच देत नाही, हा काही जाहिरातीचा लेख नव्हे. पण अकरा मजली होती, आणि बांधलेली होती १९९० साली फ्रान्समध्ये. हे ऐकल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे आमची गेली नि ही आली!" टायटॅनिकपेक्षा ती किंचित मोठीच आहे असं आमच्या ह्यांनी कुठेसं वाचलं होतं. निघण्यापूर्वी ते आईंना सांगायचं नाही असं मी त्यांना बजावून ठेवलं. आणि ही म्हणे क्रूझच्या जगात लहानच. २०२४ च्या जानेवारीत निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' वीस मजली आहे आणि तिच्यात साडेसात हजारांच्या वर प्रवासी मावतात. आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गावच्या गाव पाण्यावर!

ज्या मैत्रिणींना जायचं असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे आठवण ठेवायला नको. देशातल्या देशात जाणाऱ्या बोटीला पासपोर्ट लागत नाही, पण मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं हवं, लहान मुलांचंसुद्धा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या केबिनपर्यंत पोचायला कित्येकदा संध्याकाळ होते. तेव्हा औषधं, चष्मा, मुलांचा एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली, चाकू-सुरी नेऊ देत नाहीत. (लाडू-चिवड्याचे डबेही नेऊ नका, खायला इतकं असतं की ते तसेच परत येतात.) जाहिरातीतला आकडा पाहून हुरळून जाऊ नका. बंदराचं शुल्क, कर, नोकरवर्गाची बक्षिसी हे त्यात धरलंय का ते आधी कागदावर लिहून घ्या. बोटीवर इंटरनेट, सरबतं, दारू, फोटो, बहुतेक सगळं वेगळं मोजावं लागतं, आणि रोख पैसे न देता नुसतं कार्ड दाखवायचं असल्यामुळे खर्च झाला हे कळतच नाही. मी रोज रात्री पाकिटावर हिशोब लिहीत होते, आणि हे मला हसत होते. शेवटच्या दिवशी बिल आलं तेव्हा हसायचे थांबले.

बोट लागण्याची भीती असेल तर केबिन वरच्या मजल्यावर नको, पुढच्या टोकालाही नको. खालच्या बाजूला, मध्यभागी घ्यावी. तिथे हेलकावा कमी. पोट रिकामं ठेवू नये, कोरडा टोस्ट, आल्याचा तुकडा जवळ असावा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आणि मळमळू लागलं तर केबिनमध्ये निजून न राहता वर मोकळ्यावर येऊन लांब क्षितिजाकडे पाहावं. आणखी एक, जे मला कुणीच सांगितलं नाही आणि मी नकाशावरून काढलं: मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला असतो, परतताना उजव्या. खिडकीची केबिन घेणार असाल तर हे आधी पाहा, नाहीतर पैसे मोजून नुसता अरबी समुद्र!

बोट सुटायच्या आधी सगळ्या प्रवाशांची कवायत असते. शिट्टी वाजली की कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं. तरुण मंडळी तिथे सेल्फी काढण्यात दंग. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्या बोटीवरच्या कितीतरी प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. आई मात्र जाकिटाचे बंद अगदी नीट, दोनदा तपासून बांधून पाहत होत्या. 'रामदास' बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, म्हणजे आईंच्या जन्माच्याही आधी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, दिव्याच्या अवसेचा दिवस, आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या बायकांनी ती गोष्ट लेकी-सुनांना सांगत सांगत इथवर आणलीय. आमची बोट संध्याकाळी साडेपाचला हलली. सगळे प्रवासी उजव्या कठड्याशी गेट वे आणि ताज पाहायला धावले, आणि आई एकट्याच डाव्या कठड्याशी गेल्या. त्या बाजूला, रेवसच्या दिशेनं, काशाचा खडक. दिसत तर काहीच नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "चल, चहा मिळतो का बघू."

आता चहाचं आणि एकूण खाण्याचं. सकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत काही ना काही मांडलेलंच. इडली, पोहे, पाव, फळं, जैन जेवण वेगळं, पंजाबी, चिनी, केकचे तर डोंगर. चवीचं म्हणाल तर लग्नाच्या बुफेसारखं, वाईट नाही, लक्षात राहण्यासारखंही नाही. सोलकढी कुठेच नव्हती. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या बोटीवर सोलकढी नसावी ना!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. जेवण झालं की माझा हात आपोआप ताटांकडे जाई. एकात एक ताटं रचायची, खरकटं एका बाजूला. वाढणाऱ्या मुलानं दोनदा येऊन अदबीनं ती माझ्या हातातून काढून घेतली. इकडेतिकडे पाहिलं तर शेजारच्या टेबलावरची बाईही तेच करत होती. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. त्या जळगावच्या, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी आलेल्या. म्हणाल्या, "दोन दिवस गॅस नाही बघायचा म्हणून आले. आणि आता संध्याकाळी पाच वाजले की जीव कासावीस होतो, काहीतरी करायचं राहिलंय असं वाटतं." माझंही अगदी तस्संच! पहिली रात्र मी अशीच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र चक्क तीन तास वाचत पडले. लग्नाला तेरा वर्षं झाली, दुपारी सलग तीन तास मी कधी वाचलं होतं ते आठवेना. सात महिन्यांच्या पगारातला बराचसा तिथेच वसूल झाला. नाचगाणी, जादूचे प्रयोग, जुगाराची यंत्रं हे सगळं होतं, लेकीनं आणि ह्यांनी ते पाहिलं (जुगार नव्हे हं!). त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नाही.

आमची केबिन झाडून-पुसून ठेवणारा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा. सकाळी तो आला तर आईंनी चादरींच्या घड्या घालून, टॉवेल वाळत टाकून, खोली लखलखीत करून ठेवलेली! तो आधी इंग्रजीत, मग हिंदीत विनवू लागला. त्याच्या हिंदीतला हेल ऐकला नि आईंनी मान वर केली.

"खंयचो रे तू?"

तो चमकलाच. "सावंतवाडीकडचो, आजी."

मग काय विचारता! पाच मिनिटांत त्याची आई, बहीण, घराजवळची विहीर, सगळं बाहेर आलं. "आजी, तुम्ही असा केलात तर माझी नोकरी जायत," म्हणत त्यानं चादरी परत उलगडल्या आणि आपल्या पद्धतीनं घातल्या. बोटीवरच्या कामाचे करार महिनोन्‌महिने चालतात, त्याचाही आणखी चार महिने उरला होता. अशा नोकऱ्यांना आंतरराष्ट्रीय नियम आहे, चोवीस तासांत चौदा तासांपेक्षा आणि आठवड्यात बहात्तर तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. बहात्तर तास! सुट्टी न घेता रोजचे दहा तासांवर झाले. आपल्या घरकामाचे तास कुणी मोजत नाही म्हणून आपण कुरकुरतो, पण मोजूनही बहात्तर होतात, हे ऐकून मी जरा वरमलेच.

आईंनी त्याला विचारलं, "घराक कधी जातस?"

तो खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "आठवड्यात दोनदा घरासमोरनाच जातंय, आजी. पण जावक गावणा नाय."

त्यानंच आम्हाला सांगितलं की मालवण सकाळी पावणेआठच्या सुमारास येईल, वरच्या डेकवर डाव्या बाजूला बसा, पण फार आशा ठेवू नका. मोठी बोट किनाऱ्यापासून लांबून जाते. आदल्या रात्री खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असेच अंधारात मागे गेले होते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं आपल्या शिवकालीन बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातले हे तीन आणि मालवणचा सिंधुदुर्ग असे चार पाण्यातले, पाण्याकाठचे. आमच्या बोटीनं चारही किल्ले ओलांडले आणि बोटीवरच्या कर्ण्यावरून त्यातल्या एकाचंही नाव कुणी घेतलं नाही. झुंबा नृत्याचा वर्ग किती वाजता ते मात्र चारदा सांगितलं.

पावणेआठला आम्ही दोघी डेकवर. हवा गार, समुद्र तेलासारखा संथ. पूर्वेला ऊन चढत होतं आणि त्याखाली एक धुरकट, निळसर रेघ. ती रेघ म्हणजे मालवण, हे मानायचं. आई बघत होत्या. सिंधुदुर्ग नाही, दांडीचा किनारा नाही, माड नाहीत. मला वाटलं आता यांना रडू येणार. एवढ्यात माझ्या मोबाइलवर नेटवर्कची एक बारीकशी काडी उमटली. मी झटकन मालवणला, आईंच्या वहिनींना फोन लावला आणि आईंच्या कानाशी धरला.

"वहिनी, मी हयच असंय. तुमच्या समोर. बोटीत!"

पलीकडून एवढ्या मोठ्यानं आवाज आला की मलाही ऐकू आलं, "अगो, मगे उतर ना!"

आई हसायला लागल्या. इतकं हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना. फोन तुटला. मी काही बोलले नाही, त्यांच्या खांद्यावर शाल नीट केली. पाऊण-एक तासानं समुद्रातच काळे खडक दिसू लागले, एकावर पांढरा दीपस्तंभ. आई ताडकन उभ्या राहिल्या. गुडघे विसरल्या! "वेंगुर्ल्याचे खडक! हे तेच. हे आले की पुढे वेंगुर्ला, तेव्हा मालवणची माणसं केव्हाच उतरलेली असायची. मी एकदाच पाहिलेत, वडलांबरोबर पणजीला गेले होते तेव्हा." या खडकांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. आम्हाला पक्षी काही दिसले नाहीत, पण आई तो दीपस्तंभ दिसेनासा होईपर्यंत उभ्या होत्या. शेजारी दोन मुलं त्याचा फोटो काढत होती. त्यांना आईंनी बोलावून बोलावून सगळं सांगितलं, पडावाचंसुद्धा.

गोव्यात बोट मुरगावला लागते. तिथे पाच-सहा तास मिळतात, त्यात समुद्रकिनारा, जुनी चर्च आणि बाजार असं सगळं उरकायचा हट्ट धरू नये. आम्ही टॅक्सी ठरवून मंगेशीला जाऊन आलो, एवढंच केलं. स्वतःच्या गाडीनं फिरायला गेलात तर परतीची वेळ घड्याळात गजर लावून पाळा. उशीर झाला तर बोट थांबत नाही.

परतीच्या वाटेवर मालवण रात्रीच गेलं. आई झोपल्या होत्या, मी उठवलं नाही. उतरायच्या सकाळी त्यांनी केबिन अजिबात आवरली नाही. चादरी तशाच चुरगळलेल्या ठेवल्या आणि उशीखाली त्या मुलासाठी मंगेशीचा अंगारा नि एक पाकीट ठेवलं. तो बॅगा न्यायला आला तेव्हा त्याच्या आईचा फोन नंबर मागून आपल्या डायरीत टिपून घेतला.

घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, कशी झाली क्रूझ? आई म्हणाल्या, "छान. आराम भरपूर. पण ती जाण्यासाठी नाही, बसण्यासाठी आहे." २०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला रो-रो बोट सुरू करण्याची घोषणा झाली होती, ते कात्रण त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलंय. विजयदुर्गहून मालवण काही लांब नाही, असं रोज एकदा तरी म्हणतात.

परवा मात्र सकाळी, मी डबे भरत असताना, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुतारी एक्सप्रेस कुडाळला थांबते ना?"

"थांबते की. पण आई, त्या पायऱ्या..."

"पडावात चढले होते मी, लाटेवर," त्या म्हणाल्या. "मे महिन्याची बघ. खालचा बर्थ मिळाला तर."